मिस्त्रींचा पहिला धडा

पाण्यात पडलं की पोहता येतं, असं म्हणणारे बहुधा काठावर बसूनच म्हणत असावेत. आमचे मिस्त्री चांगले चार-पाच वेळा पडले होते, तेही दर वेळी नवा टॉवेल घेऊन. पोहणं मात्र आलं नव्हतं.

जन्मभर विटा रचलेला माणूस. काम सोडल्यावर पोहायला शिकायचं त्यांनी ठरवलं ते बायकोसाठी. ती लहानपणापासूनची पोहणारी. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, काही झालं तरी पोहणं सोडू नका. इतकी वर्षं तलावावर धाकटी बहीण सोबतीला असायची. ती लेकाकडे राहायला गेली आणि बायको एकटी पडली.

"एकटीला कंटाळा येतो हो," ती एकदा म्हणाली. "हा पास संपला की बंदच करते."

पोहणं सुटलं की गुडघे धरणार आणि ही घरात बसून राहणार, हे मिस्त्रींना डोळ्यांसमोर दिसत होतं. ते हौसेनं शिकायला लागले. पण नव्याचे नऊ दिवस!

खरी खोट त्यांच्या शिस्तीत होती. ओळंब्यात न बसलेली, वाकडी भिंत पायापासून उतरवायची, हा त्यांचा जन्माचा नियम. तोच त्यांनी पाण्यातही नेला. दोन दिवस खाडा झाला, कधी सर्दीनं, कधी पाहुण्यांमुळे, कधी नुसत्या आळसानं, की तिसऱ्या दिवशी मिस्त्री जाहीर करायचे, "सगळं विसरलो असणार. पहिल्यापासून घेऊ."

पहिला धडा म्हणजे कठड्याला धरून पाय मारणे. मिस्त्री असे पाय मारत की पलीकडच्या बायका ओरडत बाजूला सरकत. दुसऱ्या धड्यात कठडा सोडायचा होता. तो धडा जवळ आला की मिस्त्रींना हमखास सर्दी व्हायची.

"काका," शिकवणारी मुलगी एकदा म्हणाली, "पाया तर पक्का झाला. आता त्याच्यावर काहीतरी बांधा!"

पुन्हा एकदा खाडे झाले. सकाळी मिस्त्री टॉवेल शोधत होते.

"आज परत पहिला धडा?" चहा गाळता गाळता बायकोनं विचारलं.

"मग काय तर."

"मी काय म्हणते, पावसानं तुमचं काम आठ-आठ दिवस अडकून पडायचं. परत गेल्यावर झालेली भिंत पाडत होता?"

"पाडायची कशाला? वेडी आहेस का? वाकडी भिंत पाडतात. नुसती थांबलेली कोण पाडतं! जुन्या थरावर पाणी मारायचं आणि पुढची वीट लावायची."

बोलून गेले आणि टॉवेल शोधणारा हात तिथेच थांबला. बायको चहात साखर ढवळत राहिली. इतकी ढवळायची काही गरज नव्हती.

त्या दिवशी मिस्त्री कठड्याकडे वळलेच नाहीत. बायको उथळ भागातल्या समोरच्या भिंतीपाशी जाऊन थांबली होती. मिस्त्रींनी तोंड पाण्यात घातलं आणि निघाले. त्याला पोहणं म्हणायचं का, हा प्रश्न वेगळा. पण माणूस पुढे सरकत होता. अर्ध्यात नाकात पाणी गेलं. ठसका लागला आणि ते छातीभर पाण्यात उभे राहिले. बायका बघायला लागल्या. मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि सवयीनं पाय कठड्याकडे वळले.

"मागे जाऊन परत सुरुवात करतो!" ते ओरडले.

"अहो," समोरून आवाज आला, "पाणी मारून झालं असेल तर लावा की पुढची वीट!"

मिस्त्रींना हसू फुटलं. नाक पुसलं, आणि उभे होते तिथूनच निघाले. समोरच्या भिंतीला हात लागला तेव्हा छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"पुढच्या महिन्याचा पास," ते कसंबसं म्हणाले, "दोघांचा काढ."

"काढलाय," बायको म्हणाली. "सर्दी झाली म्हणून पांघरूण घेऊन पडला होतात ना, त्याच दिवशी."