चौथं लिंबू

"चौथं लिंबू कुठून आनलं पप्पा, तेवढंच सांगा."

निकेशचा आवाज पार्किंगमध्ये असा घुमला की वॉचमनने खुर्ची वळवून घेतली. नवीकोरी गाडी हार घालून उभी, चार चाकांखाली चार लिंबं. तीन पिवळी, बाजारची. चौथं हिरवं, सुपारीएवढं. ते निकेशने लांबूनच ओळखलं. ओळखणारच. रोज उठल्यावर आधी त्याचं तोंड बघायचा, मग स्वतःचं धुवायचा.

दहावी सोडल्यावर त्याला गावातल्या घराच्या गच्चीवर नर्सरी टाकायची होती. त्याचे पप्पा, कुंदनशेट, बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म घेऊन मागे लागलेले. शेवटी म्हणाले, सीवूड्सच्या ह्या बाराव्या मजल्यावर, हॉलमधल्या कुंडीत एक लिंबू धरून दाखव, गच्ची तुझी. नाहीतर गप परीक्षेला बस.

फुलं यायची, गळायची. बाराव्या मजल्यावर मधमाशी कशाला मरायला येतेय? मग निकेशने भाग्यश्रीताईचा मेकअपचा ब्रश ढापला आणि स्वतःच माशी झाला, ह्या फुलावरून त्या फुलावर. त्यात पुतळाआजी गावच्या वाडीत ओतायची तसं बोंबील धुतलेलं पाणी गुपचूप कुंडीत ओतायची. हॉलला बंदराचा वास, ताई ब्रशसाठी रडकुंडीला, आणि फांदीला लिंबू एक.

आणि ते आता चाकाखाली. बाजारातलं एक सडकं निघालं, म्हणून पप्पांनी वर जाऊन तोडून आणलेलं.

"कसलं लिंबू?" कुंदनशेट टोपी सारखी करत म्हणाले. "सुपारी हाय ती. तुझ्या झाडाला कुठं काय धरलं?"

निकेशची कानशिलं तापली. पण त्याच्या आधी गाडीच्या पूजेला आलेल्या भटजींनीच पोथी मिटली. सुपारी चाकाखाली चालत नाही म्हणाले. लिंबू नसेल तर गाडी हलवायची नाही, पुढचा मुहूर्त मंगळवारी.

साडू रबाळ्याला गाडी बघायला गेटवर उभा असणार होता. अख्ख्या आळीला सांगून. कुंदनशेटनी भटजींकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. निकेशकडे मात्र नाही.

"लिंबूच हाय," ते पुटपुटले.

"कोनाचं?" पुतळाआजीने विचारलं. तिला नीट ऐकू आलेलं, तरी.

"निकेशनी धरलेलं. घरातलं. बस?"

कुंदनशेट स्टेअरिंगवर बसले. चाक फिरलं. चट्. अख्ख्या पार्किंगमध्ये लिंबाचा वास, आणि त्यात थोडा बोंबलाचा.

निकेशने गाडीच्या काचेतून हात आत घातला. कुंदनशेटनी गच्चीची चावी काढून दिली आणि, थांब, कुंड्या कुठून आणणार, म्हणून विचारायला लागले.

"नंतर बोलू पप्पा, मला आता गावाला निघायचंय."