त्रीनच्या अंगावरची चंद्रकळा

दुपार होती, पण सूर्य नुसता नावाला. उत्तरेच्या त्या हिमधवल गावावर तो दुखणाईतासारखा क्षितिजाला टेकून बसलेला. भूर्जवृक्षांच्या ओळींवर निळसर प्रकाश, छपरांवर निळसर बर्फ, आणि त्या निळाईत एकच पिवळं, उबदार स्वयंपाकघर. एस्तोनियातलं. परक्याचं.

तिथे शलाका बसली होती. कराडची, एका सत्रापुरती पाहुणी. दोन विद्यापीठांचा करारच तसा. हिने तिच्या घरी राहायचं, तिने हिच्या. म्हणून शलाका निजायची या घरच्या लेकीच्या, त्रीनच्या पलंगावर, आणि तिकडे कृष्णाकाठी, शलाकाच्या गोधडीत, त्रीन.

खोलीची अदलाबदल शलाकाला कबूल होती. आईची कुणी विचारलीच नव्हती.

आज संक्रांत. मोबाइलच्या पडद्यावर कराडचं माजघर उजळलं. हळदीकुंकवाची दाटी, बांगड्यांची किणकिण, आणि मधोमध पाटावर त्रीन. काळीभोर चंद्रकळा नेसलेली. हिमगौर गळ्यात हलव्याचा हार, कानांत हलव्याची फुलं, कपाळावर हलव्याची बिंदी. शुभ्र, सूक्ष्म, कंटकित. जणू काळ्या रात्रीला चांदणं डसलं होतं.

तो हलवा शलाकाला ठाऊक होता. मंद शेगडी, परातीत खसखस, थेंब थेंब पाक, आणि आईची बोटं. फिरणारी, भाजणारी, पुन्हा फिरणारी. दाण्यादाण्यावर काटा फुलेस्तोवर न उठणारी. गावातल्या कितीक नव्या सुना त्या बोटांनी नटवल्या. शलाकाने हट्ट केला की आई हसायची, "लगीन झालं की पहिल्या संक्रांतीला करीन. तोवर दम धर."

तिने दम धरला. अन् दागिने घातले त्रीनने.

"कुसुमवैनी, गोरीपान सून गावली म्हणायची!" शेजारच्या शेवंताकाकूंनी टोला हाणला. माजघर खदखदा हसलं.

"सून कशाला? लेकच हाय माझी," आई म्हणाली. "शलू, बघ गं, कशी दिसती!"

"आई, टोचतो," त्रीन लाडात म्हणाली.

शलाकाच्या अंगावर सर्रकन काटा आला. "आई म्हणती ती तुला?"

"काकू जमंना तिला. जीभ वळत न्हाई."

"वळवायची की! तिची आई हाय ना हितं, जित्ती!"

मत्सर होता हा. घरची ओढ, परदेशातलं एकटेपण, असली गोंडस नावं त्याला देऊ नका. हिरवा, कडूजहर, दातांत करकरणारा मत्सर; आणि तो तिच्या डोळ्यांत दिव्यासारखा लखलखत होता.

ती उठली. त्रीनची आई, राखाडी डोळ्यांची अबोल हेल्वी, ओट्याशी बटाटे सोलत होती. शलाकाने तिच्या गळ्यात हात टाकले, गालाला गाल भिडवला, फोन उंच धरला. आणि त्रीनला नीट कळावं म्हणून इंग्रजीतून म्हणाली, "ही आता माझी आई. तू राहा तिकडंच."

त्रीनचं हसू विझलं. हात गळ्याशी गेला, हार ओढला गेला, दोरा तुटला. पांढरे दाणे काळ्या पदरावरून ओघळले, घरंगळले, जोडव्यांच्या पायांत विखुरले. आणि शलाकाला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं, तितकं.

हेल्वीला शब्द कळले नाहीत. लेकीचा चेहरा कळला. तिने शलाकाचे हात गळ्यातून उतरवले, सावकाश, भिजलेला कोट उतरवावा तसे. फोन घेतला. आणि त्या अबोल बाईच्या ओठांतून झऱ्यासारखी वाहू लागली तिची भाषा. मृदू, अनोळखी, न थांबणारी. पडद्यात शलाकाची आई त्रीनला कुशीत घेऊन पदराने तिचे डोळे पुसत होती. एका लेकीला दोन आया. दोन समुद्रांपलीकडून, दोन भाषांतून, एकच समजूत.

"आई," शलाका म्हणाली. हळूच.

इथे कुणी वळलं नाही. तिथेही नाही.

घरामागचं गोठलेलं तळं अचानक कडाडलं. एक भेग, काळी, केसाएवढी, या काठाकडून त्या काठाकडे धावत गेली. आणि तळं, न फुटता, न वाहता, पांढरंशुभ्र, तसंच पडून राहिलं.