एक अवस जाऊ द्या

नियम माझा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. पण वस्तीवर तो लावला मी, राबवला मी, आणि शेवटी त्यात खोटं घातलं तेही मीच. त्यामुळं आधी सांगून फार उपयोग आहे असं नाही.

२००९ चा ऑगस्ट होता. पुण्यात स्वाईन फ्लूनं माणसं दगावत होती. शाळा, थेटरं बंद झाली आणि न्हावऱ्याच्या बाजारातसुद्धा लोक तोंडाला रुमाल बांधून, गळ्यात कापूर-वेलचीची पुरचुंडी अडकवून कांदा विकायला बसू लागले. आमची वस्ती न्हावऱ्यापासून चार किलोमीटर आत, पाटाच्या चारीच्या पलीकडं. अठरा घरं, सगळी भावकी. आमचे आजे मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. आमच्या वडलांच्या वेळेला मेंढरं गेली, ऊस आला, गाई आल्या. मी वस्तीवरची दूध डेअरी चालवतो. सकाळ-संध्याकाळ सगळी वस्ती किटल्या घेऊन माझ्या ओट्यावर येते, आणि पेपर एकच येतो, तो दुधाच्या टेम्पोतून माझ्याकडं. वाचून दाखवायची खोड मला पहिल्यापासून.

त्या दिवशी पेपर ऐकून म्हाळू आबा म्हणाले, "आपल्यात रीत हाय ह्याची." आबा वस्तीतले सगळ्यात वयस्कर. त्यांनी अर्धं आयुष्य मेंढरांमागं काढलेलं. "दुसऱ्याच्या कळपात रोग आला की त्या कळपाचा माणूस आपल्या मेंढरांच्या वाड्यापाशी येऊ द्यायचा न्हाई. त्यांचं शेवटचं मेंढरू पडलं की तिथनं एक अवस जाऊ द्यायची. मग खुशाल या, बसा, जेवा."

मला हे एकदम पटलं. सरकारच्या सूचना रोज बदलत होत्या आणि ही रीत शंभर वर्षं चालत आलेली. कळप कुठला धरायचा यावर वाद झाला. पुणं धरलं असतं तर जन्मभर अवसा मोजत बसलो असतो. शेवटी ठरलं, आपला माणूस जिथं राहतो, तो त्याचा कळप. तिथली बातमी आली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तोवर त्यानं चारीचा पूल ओलांडायचा नाही. दुधाचा टेम्पो रोज शिक्रापूरवरून यायचा, ड्रायव्हर ओट्यावर बसून चहा प्यायचा, पण दुधाला नियम लावायचं कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्या मेव्हण्यालाही कुणी अडवलं नाही. तो खुटबावचा, म्हणजे दौंडकडचा, आणि दौंडकडचं नाव तोवर पेपरात नव्हतं. तो रोज रेल्वेनं पुण्याला कामाला जातो हे मला ठाऊक होतं. मी गप्प बसलो.

अडकला तो माझा धाकटा भाऊ. पप्पू आणि त्याची बायको पूनम सणसवाडीला एका कंपनीत कामाला, खोली करून राहायची. दोघांची ड्युटी, त्यामुळं त्यांची लेक हर्षदा मे महिन्यापासून आमच्याकडं होती. अडीच वर्षांची. दर रविवारी दोघं मोटारसायकलवर यायची, दिवसभर पोरीला अंगाखांद्यावर घ्यायची आणि संध्याकाळी पूनम डोळ्याला पदर लावून परत जायची.

नियम झाला तेव्हा मी पप्पूला फोन केला. म्हटलं, "आपल्याच घरानं पाळला न्हाई तर लोक काय पाळतील?"

"तू म्हणशील तसं, दादा," तो म्हणाला. लहानपणापासून त्याचं हेच एक वाक्य आहे.

मग रविवार पुलावर येऊन थांबला. पलीकडं ती दोघं, अलीकडं मी हर्षूला कडेवर घेऊन. मधी वीस पावलं. पूनम खाऊची पिशवी कठड्यावर ठेवून मागं सरकायची, पिशवी ऊन खाऊन झाली की मी उचलायची. पहिल्या रविवारी हर्षूनं माझे केस उपटले, लाथा मारल्या. दुसऱ्या रविवारी नुसती रडली. चौथ्या रविवारी तिनं आईला टाटा केला आणि मला विचारलं, "घली जायचं?" पूनमनं ते ऐकलं. तिनं हसून मान हलवली आणि गाडीच्या आडोशाला जाऊन उभी राहिली.

आता खरं ते सांगतो. मला आणि गिताला मूल नाही. लग्नाला बारा वर्षं झाली होती. पुण्याचे दोन डॉक्टर झाले, देव झाले, आणि मग आम्ही तो विषयच काढायचं बंद केलं. हर्षू मेपासून माझ्या आईजवळ, कुशाबाईजवळ झोपायची. पण आईला खोकला लागला आणि पोरगी आमच्यात झोपायला आली. सकाळी उठली की माझ्या मिशा ओढायची. गिताला ती मोठी आई म्हणायची. ऑगस्ट संपता संपता त्यातलं मोठी गळून गेलं. गितानं तिला सुधारलं नाही. मीही नाही. दिवसभर घरात ती हाक ऐकू यायची आणि मी दूध तपासायच्या फॅट मशीनपाशी उभा राहून उगाच हसायचो. पूनमचा फोन आला की मी म्हणायचो, झोपलीय. दहातल्या चार वेळा ती जागी असायची.

पोळ्याची अवस उजाडली त्याच सकाळी सणसवाडीचा एक रोगी पेपरात आला. ती बातमी खरी होती. आबांनी पुढची, सर्वपित्रीची अवस सांगितली. गौरी-गणपती उरकले तशी वस्ती कुरकुरायला लागली. बाळासो ओट्यावर किटली आपटून म्हणाला, "माझी बहीण राखीला आली न्हाई, गौरीला आली न्हाई. आता काय माझ्या तेराव्याला आणतोस का?" लोक कंटाळले होते. त्यात काही चूक नव्हती. कुणाचे जावई भरदुपारी उसातून यायला लागले. कुणाचं पोरगं चाकणहून आलं आणि तीन दिवस घरात दडून राहिलं. मला सगळं कळत होतं. लोक मला तोंडावर मान द्यायचे आणि पाठीमागं पाव्हण्याला चहा. एकटा पप्पू तेवढा पुलावर थांबायचा.

सर्वपित्रीच्या दिवशी सकाळी झाडून सगळी वस्ती ओट्यावर होती. आज बातमी नसली की सणसवाडी सुटणार होती. मी पेपर उघडला. पहिलं पान पाहिलं, तालुक्याचं पान दोनदा पाहिलं. सणसवाडीचं नावसुद्धा नव्हतं. आतून हर्षूचा आवाज येत होता. ती गिताला म्हणत होती, आई, कावळ्याला मी घास देनाल.

मी म्हणालो, "सणसवाडीत एक बाई गेली."

माझं मलाच ऐकू आलं तेव्हा ते बोलून झालं होतं. कुणी पेपर मागितला नाही. आबांनी "अरारा" केलं. म्हणाले, "मग आता दिवाळीची अवस." बाळासो म्हणाला, "दिवाळी गेली खड्ड्यात. दसऱ्याला माझी बहीण येनार म्हंजी येनार." लोक दूध घालून निघून गेले. गिता सातवी शिकलेली आहे. नैवेद्याचं ताट वाढून झाल्यावर तिनं चुलीपाशी बसून पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, घडी घातली, फळीवर ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही. वडलांच्या नावाचा घास मी त्या दिवशी कौलावर ठेवला आणि कावळा लगेच शिवला. मला वाटलं होतं शिवणार नाही. तेवढीसुद्धा शिक्षा मला कुणी केली नाही.

पप्पूलाही मी फोनवर तेच सांगितलं होतं. त्या रविवारी तो एकटाच पुलावर आला. पूनम भ्यायली होती. "बाई गेली ती कुठल्या गल्लीतली, असं तिनं विचारलंय. आमच्या मागच्या चाळीत एक बाई आठ दिवस दिसंना, पूनम तिच्यासंगं पाण्याला जायची. तीच असंल म्हनती. कामावरनं आली की दोनदा आंघोळ करती. म्हनती, माझ्या अंगावरनं पोरीला काय गेलं तर?"

"गल्ली दिली नव्हती," मी म्हणालो. एका खोट्याला दुसरं जोडायला काही कष्ट पडत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या आठवड्यात माझं जेवणावरनं मन उडालं. पोरगी मांडीवर येऊन बसली की बरं वाटायचं आणि लगेच मी तिला खाली ठेवायचो. त्या दोघांची लेक मी बातमी रचून अडकवून ठेवली होती, आणि तिची आई स्वतःलाच विटाळ समजून अंग घासत होती.

दसऱ्याला नियमाचा फज्जा उडाला. सकाळपासून पुलावरून मोटारसायकली आल्या, जीप आली. बाळासोची बहीण आली, आबांची नात पुण्याहून नवरा-पोरांसकट आली. आबांनीच तिला पूल ओलांडायला सांगितलं. मला म्हणाले, "रीत मेंढरांची व्हती, सर्जेराव. मानसं किती दिस कोंडायची?" वस्तीभर हसणं-खिदळणं चाललं होतं. मी हर्षूला नवा फ्रॉक घातला, तिच्या कपड्यांची पिशवी भरली. गिता दारात उभी होती.

"देऊन येतो," मी म्हणालो.

तिनं पोरीच्या फ्रॉकचं मागचं बटण लावलं, ते आधीच लावलेलं होतं. "डोक्यावर टोपी घाला, ऊन हाय," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

पुलापलीकडं दोघं उभी होती. पूनम वाळली होती. तोंडाला रुमाल, पदर वरून घट्ट. तिनं आपट्याची पानं कठड्यावर ठेवली, लांबूनच वाकून मला नमस्कार केला आणि मागं झाली. त्यांच्या शेजारून आणखी एक मोटारसायकल वस्तीत गेली. मी ठरवल्याप्रमाणं चालत सुटलो. वीस पावलांतली दहा झाली तशी पूनम मागं सरकायला लागली.

"नगा दादा," ती म्हणाली. "पुढं येऊ नगा. आमच्याकडं बाई गेलीय."

"समदी येत्यात की," मी म्हणालो. "नियम सुटला. घे पोरीला."

"त्यांचं त्यांच्यापाशी," पप्पू म्हणाला. "आपल्या घरानं नियम घातलाय. तीन आठवड्यांवर दिवाळी हाय. आजवर काढलं, एवढं काढू."

हर्षू माझ्या मानेत तोंड खुपसून बसली होती. मी म्हणालो, "पप्पू, कुणी बाई गेली न्हाई. पेपरात तसं काय नव्हतं. मी खोटं बोललो."

पूनमनं रुमाल खाली केला. तिच्या तोंडावर काहीतरी उजळलं, खरंच उजळलं, आणि तिनं एक पाऊल पुढं टाकलं. मग तिनं पप्पूकडं पाहिलं.

पप्पू हसला. इतक्या मायेनं हसला की मला मारलं असतं तर बरं झालं असतं. "दादा," तो म्हणाला, "तुला खोटं बोलता येत न्हाई. आमी रडतोय, पोरगी तुटतीय, ते तुला बघवत न्हाई, म्हनून तू आसं म्हनतोयस. मला कळत न्हाई व्हय?" आणि पूनमला म्हणाला, "दादाचं मन लय मऊ हाय गं. उद्या पोरीला काय झालं तर त्यो जन्मभर सोताला खाईल. चल."

"खरं सांगतो, पप्पू," मी म्हणालो. आवाज निघाला, पण त्यात जोर नव्हता. का म्हणून कुणी खोटं बोलेल, असं त्यानं विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं. त्यानं विचारलंच नाही. दादाला कारण असू शकतं, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नसतं.

पूनमनं रुमाल पुन्हा वर ओढला. लेकीकडं बघून हात हलवला. "दिवाळीला येते गं, बाय माझी." हर्षूनं मान वर केली, तिच्याकडं पाहिलं आणि मला विचारलं, "ही कोन?"

पूनमच्या कानावर ते गेलं की नाही, मला माहीत नाही. पप्पू गाडीला किक मारत होता. गाडी चालू झाली, ती मागं बसली, वळताना तिनं पाठीमागं बघितलं. अजून त्यांना गाठता आलं असतं. मला धावता येतं, माझा आवाज तर वस्तीच्या या टोकापासून त्या टोकाला जातो. मी उभा राहिलो. गाडी उसाच्या आड गेली, नंतर आवाजही गेला.

परतीच्या वाटेवर हर्षू माझ्या खांद्यावर झोपली. पिशवी दुसऱ्या हातात होती. मी स्वतःला शिव्या देत चाललो होतो आणि पाय भराभर पडत होते. लांबून मला गिता दिसली, अंगणात उन्हातच उभी. तिनं माझ्या खांद्यावरची पोरगी पाहिली आणि पदराचा बोळा तोंडात धरला. त्या वेळी मला काय वाटलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला आनंद झाला होता.