भोंग्यातली म्हातारी

माझ्या मुलाला मी घाबरते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कियोताका पंचावन्नचा आहे, शांत आहे, आवाज चढवत नाही. तेच तर वाईट. आरडाओरडा करणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं. हा हिवाळ्याच्या तोंडाशी आला, करपलेला टोप उचलून खिडकीशी नेला, त्याचा तळ निरखला आणि हळूच म्हणाला, "आई, यापुढे एक जरी काही झालं ना, तर तू वृद्धाश्रमात जायचंस. मी खोली बघून ठेवली आहे."

टोप कुणाचा करपत नाही? पण तो एकदा बोलला की बोलला. तेव्हापासून मी स्वतःच्या घरात चोरासारखी वावरत होते. गॅस बंद केला का, हे तीन-तीनदा बघत होते. हे घर मी आणि माझ्या नवऱ्यानं पोटाला चिमटा काढून बांधलं. नवरा गेला, मी राहिले, आणि मला इथंच मरायचंय. दुसरं काही मागणं नाही माझं.

फेब्रुवारी संपत आला आणि टेकडीवरच्या जुन्या बागेत प्लम फुलले. चेरी फुलली की सगळं गाव तिथं चटया टाकून पीत बसतं, त्या धुडगुसात मी जात नाही. प्लम थंडीत फुलतो. तेव्हा येतात ती आमच्यासारखी चार म्हातारी माणसं. सावकाश चालतात, एकेका झाडाशी थांबून वास घेतात, नाक पुसतात, पुढं जातात. तळ्याकाठी एक पांढरा प्लम आहे, खोड पोकळ झालेला, फांद्यांना टेकू दिलेला. त्याच्यासाठी मी दर वर्षी जाते. टीव्हीवर सांगितलं की उद्यापासून पाऊस. म्हणजे आज गेले तर गेले, आणि पुढच्या वर्षाचं कुणी सांगावं. भाताचे दोन गोळे वळले, आत खारवलेला प्लम भरला आणि बस गाठायला धावत सुटले. मोबाइल टेबलावरच राहिला. आणि दाराला पिवळं फडकं लावायचं राहिलं.

आमच्या आळीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांनी सकाळी उठल्यावर दाराला पिवळं फडकं अडकवायचं आणि संध्याकाळी काढायचं. म्हणजे लोकांना कळतं, ही अजून आहे. मला त्या फडक्याचा मनस्वी संताप येतो. तरी लावते, कारण नाही लावलं की समोरची ओगिसोबाई आधी दार बडवते आणि मग कियोताकाला फोन करते. तिचा जन्मच त्यासाठी झालाय.

बागेत सकाळ फार छान गेली. पांढरा प्लम ऐन भरात होता. शेजारच्या बाकावर एक नवरा-बायको होते. तो फुलांचे फोटो काढत होता आणि ती त्याला, तुझा अंगठाच येतोय सगळ्यांत, म्हणून झापत होती. मी भात खाल्ला, उन्हात पाय पसरले. खूप दिवसांनी मला कुणाची भीती वाटत नव्हती.

दुपारी गावाचा भोंगा वाजला. भूकंप झाला, वणवा लागला की बोलणारे ते खांबांवरचे भोंगे, बागेतही एक आहे. बाईचा संथ आवाज, एकेक शब्द सुटा, डोंगरावर आपटून परत येणारा.

"हरवलेल्या व्यक्तीबद्दल. हिगाशिदानी आळीतील. एक्याऐंशी वर्षांच्या आजी. उंचीनं कमी. जांभळी लोकरी टोपी. राखाडी कोट. सकाळपासून. बेपत्ता."

मी आधी म्हटलं, अरेरे, बिचारी. आमच्याकडे सारखं कुणी ना कुणी हरवतं, आणि दर वेळी मी तेवढंच म्हणून चहा पिते. मग माझा हात टोपीपाशी गेला आणि तिथंच गोठला.

टोपीचा रंग ओगिसोबाईला ठाऊक असायचं कारण नाही. मला निघताना कुणी पाहिलं नव्हतं. कुणीतरी माझ्या घरात शिरून खुंटीवर काय नाही ते बघितलं होतं. म्हणजे कियोताका आला होता. आत्ता, या क्षणी, तो माझ्या स्वयंपाकघरात उभा होता.

शेजारच्या बाकावरची बाई माझ्या कोटाकडे बघायला लागली होती. मी टोपी पिशवीत कोंबली. फाटकावरच्या तिकीटवाल्याला सरळ सांगायचं, बाबा रे, ती मीच, आणि मी मजेत आहे, एवढंच करायचं होतं. पण मग पोलीस येणार, हाताला धरून घरी नेणार, भोंगा पुन्हा गावभर ओरडणार की म्हातारी सापडली. सापडलेल्या म्हातारीला कोण घरी ठेवतं? मी ठरवलं, कुणाला दिसायच्या आत घरी पोचायचं आणि म्हणायचं, मुळा आणायला गेले होते, कसला गोंधळ घातलाय. म्हणून तिकीटवाल्याला टाळून मी मागच्या, खालच्या फाटकानं निघाले. ती वाट माझी लहानपणापासूनची; चढायला बस लागते, पण उतरताना ती थेट आमच्या आळीत येते. उतार, बांबूचं बन, मग घरांमधली गल्ली.

मी पळत होते. या वयात पळणं म्हणजे काय ते सोडा, पण पळत होते. भोंगा पुन्हा सुरू झाला, उंचीनं कमी, राखाडी कोट, आणि मला वाटलं प्रत्येक खिडकीतून कुणीतरी बघतंय. गल्लीच्या तोंडाशी दम लागला म्हणून थांबले. मान वर केली.

मला ती गल्ली ओळखू येईना.

थंड पेयांचं यंत्र होतं, वाळत टाकलेल्या गाद्या होत्या, एक लहानशी सायकल होती. डावीकडं रस्ता जात होता, उजवीकडंही जात होता. माझं घर कसं दिसतं ते मला स्पष्ट आठवत होतं, छप्पर, दार, सगळं. पण ते कुठल्या बाजूला, ते मात्र डोक्यात कुठंच नव्हतं. जिथं ते असायला हवं तिथं नुसतं रिकामं. मी भिंतीला धरलं. इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते, भूकंपातसुद्धा नाही.

सायकलवरून एक तरुण पोलीस आला. माझं नाव घेऊन म्हणाला, "इसोगाई आजी का? घर माहीत आहे ना तुमचं?"

माहीत नव्हतं. पण तोंड माझं आहे, ते कधी दगा देत नाही. मी त्याच्यावर खेकसले, म्हटलं, तुला माहीत नाही वाटतं? मग पोलीस कशाला झालास? चल हो पुढं, बघू तुला येतं का. तो हसला आणि सायकल ढकलत पुढं निघाला. मी मागून गेले. रस्ताभर त्याला ऐकवत होते, पाठ सरळ ठेव, टायरमध्ये हवा भर. आळी आली आणि सगळं पुन्हा जागच्या जागी बसलं.

कियोताका दारातच होता. रागावलेला नव्हता. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. पोलीस त्याला म्हणाला की आजी एकदम ठणठणीत आहेत, वाटभर मलाच शिकवत आल्या, आणि गेला.

आम्ही आत बसलो.

"सगळ्या खोल्या बघून झाल्या होत्या," तो म्हणाला. "न्हाणीघराचं दार तेवढं राहिलं होतं. ते उघडायला हात धजेना, आई. किती वेळ नुसता उभा होतो. आणि तू फुलं बघत बसली होतीस."

मी म्हटलं, फुलं बघायला आता तुझी परवानगी काढायची का?

तो हसला आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले. "मीच वेडा, तू चांगली ठणठणीत आहेस. राहा तू इथंच. खोली नको म्हणून उद्या कळवतो मी त्यांना."

हे एवढं ऐकण्यासाठी मी सगळा हिवाळा जिवाचा आटापिटा केला होता. आणि ऐकलं तेव्हा आनंद झाला नाही. त्याला ती गल्ली ठाऊक नव्हती. पोलिसालाही नव्हती. ती फक्त मला ठाऊक होती. सांगून टाकावं, आत्ताच, असं मनात आलं. तो वाकून बूट घालत होता, मानेवर केस पांढरे झालेले दिसत होते. मी तोंड उघडलं.

"गाडी सावकाश चालव," मी म्हटलं.

त्याची गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत मी दारात उभी होते. मग आत आले. अंधारून आलं होतं. दिव्याचं बटण कुठल्या भिंतीवर आहे, ते आठवेपर्यंत मी तशीच उभी राहिले.