दोन माणसांचं काम

इंजिनाच्या ब्लॉकवर त्याने छोट्या हातोडीने दोन टोले दिले आणि बॉनेटच्या आडून विचारलं, "किती?"

मुलगी ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती. ॲक्सिलरेटर जरा दाबून धरायचा आणि मांडीवरच्या स्कॅनरवरचा आकडा मोठ्याने सांगायचा, एवढंच काम त्याने तिला दिलं होतं. तिने आकडा सांगितलाच असणार. उघड्या बॉनेटच्या पत्र्याकडे बघत तो "बरं" म्हणाला आणि त्याने आणखी दोन टोले दिले.

"किती?"

पुन्हा "बरं."

"हलत नाहीये ना आकडा? वाटलंच मला. हाही सेन्सर खराब निघाला."

इंजिनात पेट्रोल अवेळी पेटलं की आतून ठोके बसतात. मोठ्या बटणाएवढा नॉक सेन्सर ब्लॉकला बोल्टने आवळलेला असतो. तो हे ठोके टिपून गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो, कॉम्प्युटर ठिणगी जरा मागे घेतो, म्हणजे थोडी उशिरा पाडतो, आणि तरीही ठोके थांबेनात तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावतो. सेन्सरवर संशय आला तर बाहेरून हातोडीने खोटा ठोका द्यायचा आणि ठिणगीच्या वेळेचा आकडा खाली येतो का ते बघायचं. अगदी साधी तपासणी, फक्त तिला माणसं दोन लागतात. त्याच्या गॅरेजमध्ये तो एकटाच होता. म्हणून मागच्या दोन्ही खेपांना त्याने ती केलीच नव्हती.

शिवाय त्याला तिची गरज वाटली नव्हती. त्या रस्त्यावरचे लोक त्याला कानसेन म्हणत, ते काही उगाच नाही. गाडी फाटकातून आत वळेपर्यंत तो हातातलं काम न सोडता तिचा आजार सांगून मोकळा व्हायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली की राहिलेली शंकाही मिटायची. मुलीच्या गाडीचा पिवळा दिवा पहिल्यांदा लागला, तेव्हा तो स्वतः ती चढावर घेऊन गेला होता. ठोका म्हणून ऐकू आला नाही. ठोके नाहीत आणि सेन्सर म्हणतो आहेत, म्हणजे सेन्सर खोटारडा. त्याने तो बदलला. महिन्याने दिवा पुन्हा लागला, तेव्हा वायर बदलली. आज तिसरी खेप होती. जावयाने म्हणे हसत हसत सुचवलं होतं, आता गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये दाखवू या.

ते हसणं त्याच्या जिव्हारी लागलं होतं. पण खरी भीती वेगळीच होती. गाडी तिकडे जायला लागली, तर मुलगी इकडे कशाला येईल?

बायको गेल्याला तीन वर्षं झाली होती. त्याचे कान त्यानंतर दोनेक वर्षांनी जायला लागले. आधी बारीक आवाज गेले. इंडिकेटरची टिकटिक गेली, दाराची घंटा गेली, मग फोनवरचा मुलीचा आवाज. गिऱ्हाइकांचे जाडे आवाज अजून ऐकू यायचे, त्यामुळे धंद्यात वेळ मारून नेता येत होती. न्हाव्याच्या दुकानात संध्याकाळी गप्पांना बसणं त्याने सोडून दिलं. सगळे हसले की हा एक क्षण उशिरा हसायचा, आणि ते एकदा न्हाव्याच्या लक्षात आलंय असं त्याला वाटलं. टीव्हीसमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर तो बसायचा आणि पडद्यावर खाली सरकणारी अक्षरं वाचायचा. घरात त्याच्याशी बोलणारं कुणी नव्हतं, त्यामुळे बहिरेपणाचा तिथे काही त्रास नव्हता.

वर्षभरात त्याने एक शब्द मात्र तोंडातून हद्दपार केला होता. "काय?" हा शब्द दोनदा विचारला की लोकांना कळतं. त्यापेक्षा बरं, हो हो, बघू, हे शब्द फार कामाचे. फोन घेणं त्याने बंदच केलं. मुलगी फोन करायची, तो वाजताना बघत राहायचा आणि थोड्या वेळाने मेसेज करायचा, कामात आहे. मागच्या महिन्यात तिने लिहिलं होतं, "बाबा, माझं काही चुकलं का?" त्याने ते सात-आठ वेळा वाचलं होतं आणि उत्तर दिलं होतं, "नाही. कामात आहे."

आता त्याने पुन्हा हातोडी उचलली. सेन्सर मेलाच आहे असं एकदा ठरवलं होतं, तरी हाताला सवय म्हणून दोन टोले दिले.

"किती?"

यावेळी "बरं" म्हणायच्या आधी त्याची नजर खाली गेली. उघडं बॉनेट आणि काच यांच्यामध्ये वीतभर फट होती. त्या फटीतून त्याला मुलीचे दोन्ही हात दिसले. स्टिअरिंगच्या वर तिने ते उंच धरले होते. एका हाताची पाच बोटं, दुसऱ्याची चार.

 थोड्या वेळाने तिने दहा बोटं दाखवली, मिटली आणि मग चार. चौदा. आकडा जागेवर आला होता.

त्याने पुन्हा टोले दिले. नऊ. थांबला. चौदा. टोले. नऊ.

म्हणजे आधीही ती नऊच ओरडत होती. सेन्सर ठणठणीत होता. कदाचित पहिलाही ठणठणीतच होता, जो त्याने खोटारडा म्हणून भंगारात टाकला. इंजिन खरोखरच ठोकत होतं आणि ते ऐकू आलं नव्हतं फक्त कानसेनला.  पोरीने तीन महिने ही गाडी चालवली होती, तीही बापाच्या शब्दावर.

त्याने हातोडी ठेवली, हात पुसले, बॉनेट लावलं. मग पलीकडून येऊन तिच्या शेजारी बसला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "चढावर घे. तिसऱ्या गिअरवरच ठेव. ठोकलं की मला सांग."

 गाडी रस्त्याला लागली, वळली, चढाला भिडली. काचेतून समोर बघत तो कान देऊन बसला होता, जुन्या सवयीने. काही नव्हतं. सीटखालची घरघर तेवढी पाठीला लागत होती. मग तिचा डावा हात गिअरवरून सुटला आणि त्याच्या गुडघ्यावर एक बोट टेकलं.

टक. टक. थोडं थांबून टक टक टक.

डब्यात खडे हलवल्यासारखा तो आवाज त्याने हजारदा ऐकला होता. आता तो गुडघ्यावर मोजत होता. चढ वाढला तशी बोटाची गती वाढली. "दुसरा टाक," तो म्हणाला. तिने गिअर बदलला, हात पुन्हा गुडघ्यावर आला आणि तिथेच गप्प राहिला. "परत तिसरा." टक टक टक.

"काजळी," तो म्हणाला. "जवळच्या जवळ फिरून आत काजळी साठलीये. सेन्सरचा काही दोष नाही."

टेकडीवर तिने गाडी कडेला घेतली. ती त्याच्याकडे वळली आणि शब्द सुटे सुटे करत म्हणाली, "बाबा, कधीपासून?"

"अगं, ते इंजिनाच्या आवाजात जरा..." तो सुरू झाला.

तिने मूठ उघडली. गाडीची किल्ली तिच्या तळहातावर होती. इंजिन केव्हाच बंद झालं होतं.

त्याने किल्लीकडे बघितलं. मग म्हणाला, "वर्ष झालं असेल."

ती पुन्हा समोर बघायला लागली. तिचा गाल हलला, म्हणजे ती काहीतरी बोलली. शब्द मात्र काचेकडे गेले. "बरं" त्याच्या ओठांवर आलंच होतं. तेवढ्याने भागलं असतं, नेहमीसारखं.

"काय म्हणालीस?" त्याने विचारलं.

तिने तोंड फिरवलं. डोळे पुसून ती जवळ सरकली आणि पहिल्यापासून, मोठ्याने म्हणाली, "म्हटलं, वर्षभर मला वाटत होतं, तुम्ही माझ्यावर रागावलात. तुम्ही फोन घेत नव्हता."

त्याने नुसती मान हलवली, नाही म्हणून. बराच वेळ हलवली. त्याला सांगायचं होतं की इंजिनाचं हेड उघडून काजळी साफ करावी लागेल, दोन दिवस तरी लागतील, तोवर तिने इथेच राहावं. बाहेर काम करताना आत बसायला कुणीतरी लागतंच. यातलं अर्धंमुर्धं तो बोललाही, पण आवाज इतका बारीक आला की तिलाच विचारावं लागलं, "काय?"

त्याने परत सांगितलं.