गाद्यांच्या थप्पीवर ठरलेला विषय

मुंगीला मनुष्यबळ व्यवस्थापन घ्यायचं होतं. बीबीएच्या शेवटच्या वर्षाला एक खास विषय निवडायचा होता आणि कॉलेजची खिडकी बंद व्हायच्या आत पालकांची सही द्यायची होती. सही नाही मिळाली तर जिथे जागा उरेल तिथे कोंबणार. गोष्ट एवढीशीच. पण घर पडलं गाद्या बनवणाऱ्यांचं.

या घरात कुठल्याही वादाचा निकाल कारखान्यातल्या गाद्यांच्या थप्पीवर लागायचा. आजोबांनी तसं ठरवूनच ठेवलं होतं. ज्याचं काही म्हणणं असेल त्याने वर चढायचं, दुसऱ्याला खाली लोळवायचं, वर उरेल त्याचं खरं. खाली कापूस पसरलेला असतो, कुणाला लागत नाही, असं ते छातीठोकपणे सांगायचे. ते स्वतः लंगडत का चालायचे, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

"पोरगी फायनान्स घेणार," बाबा शर्ट काढत म्हणाले. "हिशेबाला घरचं माणूस पाहिजे."

"मार्केटिंग!" काका आधीच वर जाऊन उभे होते. "गादी विकायला तोंड लागतं, दादा. तुझ्यासारखं थोबाड नव्हे."

बाबांनी वर पोचताच पहिला ठोसा त्या तोंडावरच हाणला. काकांचा पुढचा दात निखळून खालच्या कापसात गडप झाला. काकांनी रक्त थुंकलं, बाबांचा कान पकडला आणि नळाची तोटी पिरगाळावी तसा पिरगाळला. बाबांनी गुडघा पोटात घातला. काकांनी डोकं नाकावर आपटलं. पांढऱ्याशुभ्र गादीवर लाल नक्षी उमटली.

"अहो, ती गिऱ्हाइकाची आहे!" खाली मशीनवर खोळ शिवणारी आई ओरडली.

तेवढ्यात मुंगी वर चढली. "माझंपण म्हणणं आहे. मनुष्यबळ."

दोघेही मारामारी थांबवून खो खो हसायला लागले. "उतर गं," काका म्हणाले. "फुंकरीने उडशील."

मुंगीने शेजारचा काथ्या ठासून भरलेला लोड उचलला. हा लोड खोळीतला दगडच. पहिला तडाखा बाबांच्या मनगटावर बसला, हाड कडकन वाजलं. दुसरा काकांच्या कोपरावर. तिसरा दोघांना मिळून. दोघे एकमेकांना कवटाळून खाली गेले, कापूस चुकवून थेट आईच्या टेबलावर. टेबल मोडलं, मशीन काकांच्या पायावर पडलं आणि दोघांनी एका सुरात अशी बोंब ठोकली की आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

"जिंकले मी! सही करा!"

बाबांनी उजवा हात दाखवला. मनगटातून तो भलतीकडेच लोंबत होता. काकांचा हात तर वरच येईना.

"मग आई, तू कर."

आईने केसातला कापूस झटकला. "मला विचारलं कुणी? लग्न झाल्यापासून खोळी शिवतेय. हा मोजतो, तो विकतो. गादी बनवतं कोण? तू उत्पादन घेणार."

"आई, अगं सही कर ना, खिडकी बंद होईल!"

"मग लवकर काय ते मिटवू," म्हणत आईने बाह्या सरसावल्या आणि ती थप्पी चढू लागली. बाबांनी कण्हता कण्हता डोळे मिटून घेतले.

आईचा हात पडला तेव्हा मुंगीला आधी फक्त आवाज आला, मग नाकातून रक्त. लोड कधीच हातातून उडाला होता. दुसऱ्या फटक्याला ती गुडघ्यावर आली, तिसऱ्याला थप्पीच्या कडेला. आता मनुष्यबळ नाही, जन्मभर शिलाई आणि कापूस. तिने खाली वाकून आईच्या पिंढरीत दात रोवले. आईने केस उपटले, पाठीत गुद्दे घातले, चपटी करून टाकली. मुंगी सोडेना. शेवटी आई एका पायावर नाचत नाचत तोल जाऊन खाली कोसळली, आणि मुंगी तिच्या पोटावर, म्हणजे वरच.

मग आई आडव्यानेच म्हणाली, "आण पेन." सही करता करता तिने विचारलं, "आणि या मनुष्यबळात करतात तरी काय?"

"माणसं सांभाळतात," मुंगी नाक पुसत म्हणाली.

"बरं. मग आधी माझ्या पोटावरून ऊठ. आणि या दोघांना दवाखान्यात ने."