पूर्वजन्मीचं हाडूक

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावर नाकवाले महाराज, त्यांच्यापुढे एक खुर्ची आणि खुर्चीत मान मागे टाकून बसलेला बेकरीवाला.

बारा वर्षं त्याचं नाक चोंदलेलं होतं. तो असा घोरायचा की बायको कधीच मुलांच्या खोलीत झोपायला गेली होती. पण घोरण्याचं सोडा. गेल्या महिन्यात पावाचे चार ट्रे भट्टीत जळून कोळसा झाले आणि हा पलीकडच्या खोलीत मजेत पीठ मळत होता. दुकानभर धूर झाला तरी याला वास नाही. तेव्हापासून स्वतःच्याच भट्टीसमोर उभं राहायला तो कचरत होता.

महाराजांनी दोन्ही नाकपुड्यांत 'दिव्य अर्क' सोडला. मग दहा मिनिटं शिष्यांनी मंत्र म्हटला. मंत्र कसला, 'नासिके, प्रकाशिके, मार्ग मोकळा कर गे' अशी जुळवलेली यमकं. शेवटी पितळी नळीचं एक टोक त्याच्या नाकाला, दुसरं स्वतःच्या तोंडात. गाल आत ओढून महाराजांनी जोर लावला आणि तबकात थुंकले ते एक पांढरंशुभ्र हाडूक.

"पूर्वजन्मीचा अडसर," महाराज म्हणाले. "सुरी नाही, टाका नाही, रक्ताचा थेंब नाही."

बेकरीवाल्याने श्वास घेतला. हवा थेट टाळूपर्यंत गेली. बारा वर्षांनी. त्याला हुंदकाच फुटला. लोकांनी टाळ्या पिटल्या.

हाडूक बाटलीत बंद होऊन घरच्या कपाटात विराजमान झालं. संध्याकाळी नाक पुन्हा बंद. पण महाराजांनी अर्क सोबत दिला होता. दोन थेंब टाकले की वाट मोकळी. महिनाभरात दर दोन तासांनी थेंब लागायला लागले आणि नाक आधीपेक्षा घट्ट झालं. तरी तो म्हणायचा, "माझीच श्रद्धा कमी पडते आहे."

अशात सासूबाई चार दिवस राहायला आल्या. तीस वर्षं त्यांनी कोंबडीचं दुकान चालवलं होतं. कपाटातली बाटली त्यांनी उघडली, चष्मा लावला, हाडूक नखाने दाबून पाहिलं.

"जावईबापू, हे काय म्हणायचं?"

"माझ्या नाकातलं हाड, आई."

"तुमच्या नाकाला कोंबडीची छाती कधी फुटली?"

बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. बेकरीवाला दुखावला. "थट्टा करू नका. मला खरंच श्वास आला होता."

"आला असेल ना, मी कुठे नाही म्हणते? पण हाडामुळे नाही आला. मग कशामुळे आला ते विचारू या."

त्यांनी जावयाला धरून नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी अर्काच्या बाटलीवरचं महाराजांचं चित्र नखाने सोललं. खाली औषधाच्या दुकानातलं लेबल निघालं: सर्दीवरचे साधे थेंब.

"याने सूज दहा मिनिटांत उतरते," बाई म्हणाल्या. "म्हणून मंत्र दहा मिनिटांचा. चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरलं की सूज दुपटीने परत येते. तुमचं तेच झालंय. थेंब बंद."

मग त्यांनी बारीक दुर्बीण घालून पडद्यावर त्याला त्याचंच नाक दाखवलं. दोन नाकपुड्यांमधला पडदा धनुष्यासारखा वाकलेला, बाजूच्या मांसल घड्या फुगलेल्या. "आधी मिठाच्या पाण्याने धुणं आणि सूज उतरवणारा फवारा, दोन-तीन महिने. नाहीच भागलं तर शस्त्रक्रिया. वाकडा पडदा आतूनच सरळ करतात, फुगलेल्या घड्या लहान करतात. कुणाच्या नाकात कोंब वाढलेले असतात, ते दुर्बिणीतून काढतात. कुणाची नाकपुडी श्वास घेताना आत ओढली जाते, तिला आधार देतात. ज्याचं दुखणं जसं, तसा उपाय."

"वास परत येईल?"

"बहुतेक सुधारेल. वचन देत नाही. वचन देणारे तुम्ही पाहिलेत."

पुढच्या रविवारी महाराजांच्या सभेत सासूबाई जावयाला घेऊन पहिल्या रांगेत होत्या. खुर्चीत नवा रुग्ण बसायला निघाला तशा त्या उठून मंचावर गेल्या. हातात पाण्याचा तांब्या.

"महाराज, नळी लावण्याआधी एकदा चूळ भरा."

महाराजांनी नुसतीच मान हलवली. इतका वेळ पोपटासारखी चालणारी जीभ एकाएकी मुकी झाली होती.

"मौन आहे वाटतं," सासूबाई म्हणाल्या. "चूळ भरायला बोलावं लागत नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "भरा की हो, त्यात काय."

महाराजांनी गालातलं गिळायचा प्रयत्न केला. ते अडकलं. ठसका लागला, डोळे पांढरे झाले. सासूबाईंनीच पाठीत दोन सणसणीत धपाटे घातले तेव्हा हाडूक टणकन तबकात पडलं. रुग्ण अजून खुर्चीत बसलाही नव्हता.

आधी एकजण हसला, मग अख्खं सभागृह. बेकरीवाला मात्र हसला नाही. आपण रडलो होतो ते आठवून त्याचे कान तापले.

फवाऱ्याने अर्धंच काम झालं, म्हणून तीन महिन्यांनी त्याने शस्त्रक्रिया करून घेतली. आठवडाभर नाक सुजलं, खपल्या धरल्या, थोडं रक्तही आलं. दोन महिन्यांनी एका सकाळी भट्टी उघडली आणि पाव भाजल्याचा वास आला. पूर्ण नाही, पण आला.

आता गिऱ्हाईक चमत्काराची गोष्ट घेऊन आलं की तो पाव बांधता बांधता एवढंच म्हणतो, "मला बरं वाटलं होतं, ते खोटं नव्हतं. कशामुळे वाटलं, हे मी विचारलं नाही, चूक तिथे झाली. तुम्ही विचारा. खरं असेल तर विचारल्याने ते कमी होत नाही."